गौडा : बाजारपेठेचे नगर आणि तेथील रंगीत काचा

नेदरलँड्समधील गौडा हे नाव आपल्याकडे पोहोचले ते चीजमुळे. डच लोक त्याचा उच्चार ‘खाउडा’ असा काहीसा करतात. हे चीज मुळात नगरात तयार होत नसे. भोवतालची शेतकरी कुटुंबे ते घरी बनवीत व येथे विकावयास आणीत. नगराने दिली ती बाजारपेठ आणि नाव.

हॉलंडसे आयसेल व खाउवे या नद्यांच्या संगमावरील या गावाला १२७२ मध्ये फ्लोरिस पाचवा या सरदाराने नगराचे अधिकार दिले. १४३८ च्या भीषण आगीनंतर भर चौकात दगडी नगरभवन उभे राहिले. त्याच्या मागे १६६८ ची काटाघराची इमारत आहे. शेतकऱ्याचे चीज येथे सार्वजनिक काट्यावर तोलले जाई आणि त्यावरच कर आकारला जाई. आजही एप्रिल ते ऑगस्टमध्ये दर गुरुवारी सकाळी हातावर टाळी देत सौदे होतात. अर्थात आता ते मुख्यतः प्रवाशांसाठी.

आम्हा इतिहासाच्या शिक्षकांना मात्र बाजारापेक्षा सेंट जॉन चर्च अधिक मोलाचे वाटते. त्याची लांबी १२३ मीटर आहे. १५५२ मध्ये वीज पडून ते जळाले. पुनर्बांधणीच्या वेळी अनेकांनी चित्रित काचा भेट दिल्या. त्यांतील उत्कृष्ट काचा डर्क व वाउटर क्राबेथ या बंधूंनी घडविल्या. १५५७ ची एक काच स्पेनचा राजा फिलिप दुसरा याची भेट आहे. दहा वर्षांनी विल्यम ऑफ ऑरेंज यानेही एक दिली. मंदिरातून व्यापाऱ्यांना हाकलणारा येशू हा तिचा विषय आहे, आणि तोही या व्यापारी गावात! पुढच्याच वर्षी, १५६८ मध्ये, हे दोन दाते परस्परांविरुद्ध युद्धात उतरले.

१५७२ मध्ये गौडा बंडखोरांच्या बाजूस गेले. लवकरच चर्च प्रोटेस्टंटांकडे आले. अन्य नगरांत मूर्ती व चित्रे फोडली गेली होती. येथे शत्रू ठरलेल्या राजाची काचही जागेवर राहिली. उलट नव्या काचा बसविणे चालूच राहिले. १५९६ मध्ये हॉलंडच्या प्रांतसभेने दिलेल्या काचेचा विषय आहे सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य. राजाची काच आणि ही काच एकाच छताखाली आहेत, हे आमच्या मते या नगराचे खरे वैभव होय.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या साऱ्या काचा उतरवून सुरक्षित ठेवण्यात आल्या आणि युद्ध संपल्यावर पुन्हा बसविण्यात आल्या.