पिरॅमिड बांधता आला, मग नाईल का अडवता आली नाही?



इजिप्तचा धडा शिकवताना एखादं मूल हमखास विचारतं, "सर, एवढा १४६ मीटर उंच पिरॅमिड बांधला, मग नाईलवर धरण का नाही बांधलं?" "तेव्हा सिमेंट नव्हतं" एवढ्यावर हा प्रश्न मिटवू नका. खरं उत्तर यापेक्षा रंजक आहे.

धरणाचा प्रयत्न झाला होता, पण नाईलवर नव्हे. इ.स.पू. २६५० च्या सुमारास हेलवानजवळ एका कोरड्या ओढ्यावर सुमारे १४ मीटर उंच बांध घातला गेला. त्याचं नाव सद्द अल-कफारा. पोटात माती-गोटे, बाहेरून चुनखडीच्या दगडांचं अस्तर. पण सांडवा नव्हता आणि पुराचं पाणी वळवायची सोयही नव्हती. काम संपण्याआधीच पूर आला आणि मधला भाग वाहून गेला.

साधा ओढा आवरला नाही, तिथे नाईलची काय कथा! मुख्य अडचणी तीन.

१. वेळ. पिरॅमिडचं काम थांबलं तरी दगड जागेवर राहतात. नदी थांबत नाही. इथिओपियातल्या पावसामुळे नाईलला दरवर्षी पूर येई. अर्धवट बांध त्यात टिकणार कसा?

२. पाया. पात्रात गाळ-वाळूचा जाड थर असेल, तर वर कितीही भक्कम बांधा, पाणी खालून वाट काढतं.

३. जादा पाणी. ते सोडायला मजबूत दारं किंवा सांडवा हवाच.

अकराव्या शतकात इब्न अल-हैथम या शास्त्रज्ञाने नाईलचा प्रवाह काबूत आणण्याची कल्पना मांडली. खलिफा अल-हाकिमने त्याला बोलावून घेतलं. तो अस्वानपर्यंत गेला. वाटेत प्राचीन मंदिरं पाहून त्याच्या मनात आलं, की असे कुशल लोक हे करू शकले नाहीत, तर आपल्याला कसं जमणार? त्याने माघार घेतली, असं जुने चरित्रकार सांगतात.

पुढे १९०२ मध्ये अस्वानला ग्रॅनाइटच्या खडकावर धरण उभं राहिलं. त्याला १८० दारं होती. पुराचं गढूळ पाणी त्यांतून जाऊ द्यायचं आणि पूर ओसरताना पाणी अडवायचं. मोठं धरण १९६० ते १९७० मध्ये झालं. त्याची उंची १११ मीटर, तळाची रुंदी ९८० मीटर. त्यासाठी आधी कालवा खोदून १९६४ मध्ये नदीच वळवली आणि पायाखालच्या गाळात सिमेंट व चिकणमातीचं मिश्रण दाबून भरलं. म्हणजे तिन्ही अडचणींना तीन उत्तरं!

वर्गात करून पाहा: ट्रेमध्ये वाळूचा बांध घालून मागे हळूहळू पाणी ओता. पाणी माथ्यावरून गेलं की काय होतं? मग नवा बांध घालून कडेला पन्हळ ठेवा आणि पुन्हा ओता. आधी मुलांना अंदाज करू द्या, उत्तर तुम्ही सांगू नका.