पातूरच्या पाटीवर उर्दू राहिली. हीच पाटी अमेरिकेत असती तर?

अकोला जिल्ह्यातलं पातूर. इथल्या नगर परिषदेच्या नव्या इमारतीवर एक पाटी लागली. वर मराठीत नगर परिषदेचं नाव, खाली तेच नाव उर्दूत. एवढीच ती पाटी. पण त्या खालच्या ओळीवरून सुरू झालेलं भांडण जिल्हाधिकारी, विभागीय आयुक्त, नागपूर खंडपीठ असं करत थेट दिल्लीत सर्वोच्च न्यायालयात पोहोचलं.

१५ एप्रिल २०२५ ला निकाल आला. पाटीवरची उर्दू राहिली.

गंमत म्हणजे त्याच्या दीड महिना आधी, १ मार्च २०२५ ला अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी एका आदेशावर सही केली आणि इंग्रजी ही अमेरिकेची अधिकृत भाषा झाली. त्याआधी जवळपास अडीचशे वर्षं देशपातळीवर तिथे अधिकृत भाषाच नव्हती.

‘अमेरिकेत कसं, ज्याला जे बोलायचं ते बोलता येतं, लिहायचं ते लिहिता येतं,’ हे वाक्य आपण नेहमी ऐकतो. मग पातूरच्या या पाटीचं अमेरिकेत काय झालं असतं? उत्तर वाटतं तितकं सरळ नाही.

आधी पातूरचं प्रकरण समजून घेऊ

माजी नगरसेविका वर्षाताई बागडे यांचं म्हणणं होतं की नगर परिषदेचं कामकाज मराठीतच व्हायला हवं, त्यामुळे पाटीवरही उर्दू नको. त्यांनी आधी नगर परिषदेकडेच हरकत घेतली. फेब्रुवारी २०२० मध्ये नगर परिषदेने बहुमताने ती फेटाळली. १९५६ पासून इथे उर्दूचा वापर होतोय आणि गावात उर्दू जाणणारे लोक मोठ्या संख्येने आहेत, ही नगर परिषदेची बाजू होती.

मग प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे गेलं. डिसेंबर २०२० मध्ये त्यांनी शंभर टक्के मराठी वापरण्याचा आदेश दिला. एप्रिल २०२१ मध्ये अमरावतीच्या विभागीय आयुक्तांनी तो आदेश रद्द केला. बागडे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेल्या, तिथे याचिका फेटाळली गेली.

इथे गोष्टीत एक वळण आहे. २०२२ मध्ये महाराष्ट्राने स्थानिक प्राधिकरणांच्या राजभाषेचा कायदा केला. नगर परिषदा, महापालिका, जिल्हा परिषदा यांचं कामकाज मराठीत, असं त्यात आलं. त्यामुळे वाद नव्याने उभा राहिला. आता तर कायदाच आहे, मग उर्दू कशी चालेल?

एप्रिल २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने उत्तर दिलं: कायदा मराठी सक्तीची करतो, पण मराठीसोबत आणखी एक भाषा वापरू नका असं कुठेही म्हणत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती सुधांशू धुलिया आणि न्यायमूर्ती के. विनोद चंद्रन यांच्या खंडपीठाने हेच कायम ठेवलं.

न्यायालय नेमकं काय म्हणालं?

दोन गोष्टी महत्त्वाच्या. पहिली, भाषा म्हणजे धर्म नव्हे. ती लोकांची असते, प्रदेशाची असते. उर्दू याच मातीत जन्मली आणि राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत मराठीच्या शेजारीच बसलेली आहे.

दुसरी गोष्ट जास्त व्यवहारातली आहे. नगर परिषद लोकांची रोजची कामं करण्यासाठी असते. तिच्या हद्दीतल्या लोकांना एखादी भाषा समजत असेल, तर पाटीवर ती आणखी एका ओळीत लिहायला हरकत काय? भाषेचं पहिलं काम निरोप पोहोचवणं हे आहे.

न्यायालयाने आणखी एक आठवण करून दिली. अदालत, वकालतनामा असे कितीतरी शब्द कोर्टात रोज वापरले जातात, ते उर्दूच्याच वाटेने आलेत. मराठीचंही तेच आहे. ‘अर्ज’ करायचा, ‘हरकत’ घ्यायची, ‘वकील’ लावायचा, ‘तक्रार’ द्यायची, ‘जिल्हा’ आणि ‘तहसील’ गाठायची. यातले अवतरणातले सगळे शब्द फारसी-अरबीतून आपल्याकडे आले आणि मराठीच झाले. उर्दूची पाटी काढायची तर अर्जही याच शब्दांत करावा लागतो.

आता अमेरिकेत जाऊ. आधी दुकानाची पाटी

कॅलिफोर्नियात पोमोना नावाचं शहर आहे. तिथे आशियाई लोकांची दुकानं वाढली, त्यांच्या लिपीतल्या पाट्या लागल्या. शहराने नियम केला: परकी लिपी वापरायची असेल तर पाटीची किमान अर्धी जागा इंग्रजी अक्षरांना द्या. आग लागली, पोलीस बोलवायचे झाले तर इमारत ओळखता यायला हवी, असं कारण दिलं.

आशियाई व्यापाऱ्यांची संघटना कोर्टात गेली. १९८९ मध्ये संघीय न्यायालयाने हा नियम रद्द केला. पाटीवर कोणती भाषा लिहायची हा त्या माणसाच्या अभिव्यक्तीचा, त्याच्या ओळखीचा भाग आहे आणि सरकारने त्यात हात घालायचा नाही, असा त्याचा अर्थ. अमेरिकेच्या पहिल्या घटनादुरुस्तीची ताकद इथे दिसते.

आता हाच नियम महाराष्ट्रात बघा. आपल्याकडे दुकानाची पाटी मराठीत असणं सक्तीचं आहे आणि मराठी अक्षरं इतर भाषांपेक्षा लहान चालत नाहीत. २०२२ मध्ये हा नियम दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही लागू झाला. व्यापाऱ्यांच्या संघटनेने आव्हान दिलं, तर मुंबई उच्च न्यायालयाने याचिका फेटाळून वर २५ हजारांचा दंड लावला. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मुंबईतल्या व्यापाऱ्यांना दोन महिन्यांत मराठी पाट्या लावायला सांगितलं.

म्हणजे पोमोनात जे घटनाबाह्य ठरलं, साधारण तसंच आपल्याकडे कायदेशीर आहे. दुकानदाराच्या बाजूने बघितलं तर अमेरिका नक्कीच जास्त मोकळी.

पण पाटी सरकारी असेल तर?

इथे चित्र बदलतं. पातूरची पाटी दुकानाची नाही, नगर परिषदेची आहे. अमेरिकेतलं स्वातंत्र्य मुख्यतः ‘सरकारने माझ्या मध्ये येऊ नये’ या प्रकारचं आहे. सरकारने माझ्या भाषेत माझ्याशी बोलावं, असा सरसकट हक्क त्यातून मिळत नाही.

अलाबामा राज्याचं उदाहरण घ्या. १९९० मध्ये तिथे इंग्रजी अधिकृत भाषा झाली आणि गाडीच्या लायसन्सची परीक्षा फक्त इंग्रजीत घेणं सुरू झालं. एका महिलेने त्याविरुद्ध दावा लावला. २००१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवलं की एखाद्या व्यक्तीला या मुद्द्यावर असा दावा लावताच येत नाही.

याच्या उलट ॲरिझोनात घडलं. १९८८ मध्ये तिथल्या मतदारांनी थोड्या फरकाने एक घटनादुरुस्ती मंजूर केली: राज्य सरकारने इंग्रजीतच काम करायचं. म्हणजे पातूरच्या जिल्हाधिकाऱ्यांच्या शंभर टक्के मराठीच्या आदेशासारखंच. १९९८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. लोकप्रतिनिधी आणि कर्मचारी लोकांशी त्यांना कळेल त्या भाषेत बोलूच शकत नसतील, तर लोकांनी सरकारपर्यंत पोहोचायचं कसं, हा मुद्दा होता. पण २००६ मध्ये मतदारांनी इंग्रजीला अधिकृत करणारी जरा सौम्य तरतूद पुन्हा आणलीच.

आणि मतदानाच्या बाबतीत अमेरिका एकदम उदार. १९७५ पासून कायदा आहे: एखाद्या भागात इंग्रजी नीट न येणारा ठराविक भाषिक समूह पुरेसा मोठा असेल, तर मतपत्रिका त्याच्या भाषेतही द्यायची. म्हणूनच न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये बंगाली मतपत्रिका मिळते. ट्रम्प यांच्या आदेशानेही इतर भाषांतल्या सेवा बंद करा अशी सक्ती केलेली नाही. त्या द्यायच्या की नाही, हे त्या त्या खात्यावर सोडलंय.

अमेरिका नेहमीच अशी मोकळी होती का?

नाही. पहिल्या महायुद्धात जर्मन भाषेविरुद्ध लाट उसळली. १९१८ मध्ये आयोवाच्या गव्हर्नरने शाळा, रेल्वे, चर्च, अगदी टेलिफोनवरही इंग्रजी सोडून दुसरी भाषा बोलायला बंदी घातली. नेब्रास्काने १९१९ मध्ये लहान मुलांना परकी भाषा शिकवणं गुन्हा ठरवलं. दहा वर्षांच्या मुलाला जर्मन वाचायला शिकवलं म्हणून एका शिक्षकाला २५ डॉलर दंड झाला.

१९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उडवला. मुलांना कोणती भाषा शिकवायची हे ठरवण्याचा आई-वडिलांचा हक्क तिथे मान्य झाला. आज अमेरिकेत सुट्टीच्या दिवशी मराठी शाळा भरतात, मुलं तिथे बाराखडी गिरवतात. त्या शाळांच्या मागे हा शंभर वर्षांपूर्वीचा निकाल उभा आहे. तिथे मराठी ही थोड्यांची भाषा आहे, पातूरमध्ये जशी उर्दू कुणाच्या तरी घरची आहे.

मग मोठ्या भाषेच्या दडपणाचं काय?

इथे दुसरी बाजूही प्रामाणिकपणे बघावी लागते. दुकानदाराला पूर्ण मोकळीक दिली तर जी भाषा बाजारात मोठी, तीच जिंकते. कॅनडातल्या क्विबेकने हे ओळखलं. १९७७ च्या कायद्याने तिथे दुकानाच्या पाट्या फक्त फ्रेंचमध्ये लावायची सक्ती झाली. लोकर विकणाऱ्या एका बाईंनी फ्रेंच शब्दाशेजारी ‘वूल’ लिहिलं आणि खटला उभा राहिला. १९८८ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं: फ्रेंच सक्तीची करा, ती ठळक ठेवायला सांगा, पण दुसरी भाषा पुसू नका. क्विबेकने आधी हा निकाल बाजूला सारला, पण १९९३ मध्ये तोच मार्ग धरला.

महाराष्ट्र आज साधारण याच मधल्या जागी आहे. देशात हिंदी आणि इंग्रजी मराठीपेक्षा बलवान आहेत, म्हणून मराठीला कायद्याचा आधार हवा असं मानणारे चुकीचे नाहीत. बागडे यांच्या याचिकेमागची मराठीची काळजीही या अर्थाने समजण्यासारखी आहे. फक्त आधार देणं आणि दुसऱ्याची ओळ खोडणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पातूरच्या निकालाच्या दुसऱ्याच दिवशी, १६ एप्रिल २०२५ ला, महाराष्ट्र सरकारने पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी सक्तीची करणारा आदेश काढला. राज्यभर विरोध झाला. २९ जूनला सरकारने माघार घेतली. तेव्हा मराठी माणसाचा आक्षेप काय होता? हिंदी शिकायला कुणाची ना नव्हती, ती लादू नका एवढंच म्हणणं होतं.

थोडक्यात सांगायचं तर

अमेरिकेत पातूरचा दुकानदार फक्त उर्दूत पाटी लावू शकला असता, कुणी अडवलं नसतं. पण नगर परिषदेच्या पाटीवर उर्दू ठेवायची की नाही, हे तिथे राज्यागणिक आणि निवडणुकीगणिक बदललं असतं. भारतात दुकानदारावर मराठीची सक्ती आहे, तेवढं स्वातंत्र्य कमी. पण नगर परिषदेला आपल्या लोकांच्या भाषेत लिहायला कायदा अडवत नाही, हे आता देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय.

पातूरच्या पाटीवर मराठी आधीही वर होती, आताही वरच आहे. दाखला काढायला, घरपट्टी भरायला येणाऱ्या ज्याला मराठी वाचायला अडचण पडते, त्याला खालची ओळ वाचून कळतं की आपण योग्य दारात आलोय. त्या एका ओळीसाठी पाच वर्षं लागली.