येतो म्हणजे जातो!

"मेल्या, होतास कुठे इतका वेळ?"

फर्स्ट इयरच्या दुसऱ्याच आठवड्यात मी माझ्या रूम पार्टनरला असं विचारलं आणि त्याचा चेहरा एकदम उतरला. मित्रांनो, मी राजापूर तालुक्यातला. आमची आजी मला दिवसातून दहा वेळा ‘मेल्या’ म्हणते. ज्या दिवशी म्हणत नाही, त्या दिवशी समजायचं की ती खरोखर रागावली आहे! पण पार्टनर वर्धा जिल्ह्यातला, आणि त्याचे बाबा जाऊन तेव्हा जेमतेम सहा महिने झालेले. त्याला शब्द ऐकू आला, शब्दामागची माया कुठून दिसणार?

मलाही त्याचं खटकत होतंच. बोलण्यात सारखं ‘काय बे’. मला वाटायचं, हा आपल्याला काहीच किंमत देत नाही. एकदा फोनवर विचारलं, "जेवलास का?" तर म्हणाला, "जेवून राहिलो ना." याचं जेवण उरकलं असं समजून मी बाहेर वडापाव खाऊन आलो. त्याच्या बोलीत ‘जेवून राहिलो’ म्हणजे ‘जेवतो आहे’! तो मेसमध्ये ताट पुढ्यात घेऊन माझी वाट बघत होता. घरून आलेले लाडू मी पुढे केले, तो "नको" म्हणाला, मी डबा बंद केला. त्याच्या घरी पाहुण्याचा पहिला ‘नको’ कुणी मोजतच नाही. त्याने मनात नोंद केली, ‘कोकणातली माणसं कंजूष!’

शेवटी पठ्ठ्याने रूम बदलून मिळावी म्हणून अर्ज दिला. रेक्टर सरांनी दोघांना बोलावून एवढंच विचारलं, "हा असं का बोलतो, हे तुम्ही कधी एकमेकांना विचारलंत का?" दोघांच्याही माना खाली!

आपण इंजिनिअरिंगवाले. सिग्नल एका कोडमध्ये पाठवला आणि दुसऱ्याच कोडने उलगडला, तर हाती कचराच येणार हे आपल्याला पाठ असतं. माणसांच्या बाबतीत मात्र आपण लगेच समोरच्याचं मशीनच बिघडलेलं ठरवतो.

एडवर्ड हॉल या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने १९७६ साली ‘बियॉन्ड कल्चर’ या पुस्तकात हे छान मांडलं. काही समाजांत अर्थ बहुतेक शब्दांतच असतो. काही समाजांत तो नात्यात, प्रसंगात, आवाजात असतो आणि शब्द नुसते निमित्त. आपण बरेचसे दुसऱ्या गटातले. घरातून निघताना आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. परप्रांतातून आलेला एखादा मित्र ‘येतो’ ऐकून तासभर गेटवर थांबला, तर चूक कुणाची? आईने वाढलं म्हणून आपण तिला ‘थँक्यू’ म्हणत नाही, याचा अर्थ आपण कृतघ्न असा होतो का?

जगभर हेच आहे. बल्गेरियात मान वरखाली हलवली की ‘नाही’ असा अर्थ होतो. जपानी माणूस बोलणं ऐकताना ‘हाय, हाय’ म्हणतो, म्हणजे ‘ऐकतोय’, ‘मान्य आहे’ असं नव्हे. आणि आपल्या लाडवांसारखा प्रकार इराणातही आहे. आधी नाही म्हणायचं, मग आग्रहाने घ्यायचं. त्याला ते ‘तारोफ’ म्हणतात.

हे सगळं किरकोळ वाटतं ना? मग रविवारी थिबा पॅलेसपर्यंत चक्कर मारा. ब्रह्मदेशात राजापुढे जाताना पायातले जोडे काढून जमिनीवर बसायची रीत होती. आपल्याला यात काहीच विशेष वाटत नाही, आपण घरातसुद्धा चपला बाहेर काढतो. पण इंग्रजांच्या रीतीप्रमाणे मान द्यायचा तर डोक्यावरची हॅट काढायची, बूट नव्हे. त्यांच्या वकिलांनी अनेक वर्षं कुरकुरत बूट काढले. १८७५ मध्ये हिंदुस्थान सरकारने हुकूम सोडला, यापुढे काढायचे नाहीत. राजा मिंडॉननेही रीत सोडली नाही. झालं! इंग्रज रेसिडेंटची राजाशी समोरासमोर भेटच बंद झाली. १८७८ मध्ये थिबा गादीवर आला तेव्हाही ते दार बंदच होतं. १८८५ चं युद्ध बुटांमुळे झालं नाही. लाकूड कंपनीचा दंड, फ्रेंचांची भीती, साम्राज्याची हाव ही कारणं मोठी होती. पण भांडण विकोपाला जाताना समोर बसून बोलायची सोय मात्र उरली नव्हती. राज्य गेलं, १८८६ मध्ये थिबा रत्नागिरीत आला आणि १९१६ मध्ये इथेच वारला. ज्याला एक बाजू आदर म्हणत होती, त्यालाच दुसरी बाजू अपमान म्हणत होती.

आमच्याकडे राज्य नव्हतं, दहा बाय बाराची रूम होती. ती मात्र वाचली, कारण आम्ही एकमेकांना विचारलं. बाबांबद्दल तो पहिल्यांदा बोलला, ते त्याच रात्री. त्यानंतर वर्षभर मी तो शब्द तोंडातून काढला नाही. आता थर्ड इयरला तोच मला "ऊठ मेल्या, लेक्चर आहे" म्हणून हलवतो आणि मी पांघरुणातूनच "काय बे" करतो.

तेव्हा दोस्तहो, कुणाचं बोलणं लागलं तर रागवायच्या आधी एकदा विचारा, ‘तुमच्याकडे याचा अर्थ काय?’ उत्तर ऐकून मग हवं तर खुशाल भांडा!

चला, येतो.