मोठेपणी कॅथलिक कसं होतात?

गेल्या महिन्यात मंडळाच्या बैठकीत फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'क्रिस्तपुराण' चर्चेला होतं. चर्चा ओव्यांवरून भाषेवर गेली, भाषेवरून धर्मावर, आणि दुसऱ्या वर्षाच्या एका मुलाने सरळच विचारलं, "मॅडम, आज कोणाला ख्रिश्चन व्हायचं असेल तर नेमकं करतात काय? फॉर्म भरायचा, डोक्यावर पाणी ओतायचं, झालं?" मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणालं, "आणि पैसे किती मिळतात?" हशा पिकला. मला दोन्ही प्रश्न ऐकू आले होते. तास संपल्यामुळे उत्तर राहून गेलं, ते आता देते. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच येईल.

मी मराठी शिकवते, धर्मशास्त्र नव्हे. पण काही वर्षांपूर्वी आमच्या फिर्गजेत, म्हणजे पॅरिशमध्ये, एका तरुणीची सोबतीण व्हायची जबाबदारी माझ्यावर आली. मी जन्माने कॅथलिक. बाप्तिस्मा झाला तेव्हा मी झोपले होते असं आई सांगते. त्यामुळे मोठं माणूस या दारातून कसं आत येतं हे मला तोवर ठाऊकच नव्हतं.

आधी 'क्रिस्तपुराणा'कडेच जाऊ. १६१६ मध्ये ते राचोलला छापलं गेलं. त्याच्या सुरुवातीचा प्रसंग आठवा. साष्टीतल्या चर्चमध्ये रविवारी मुलांना धर्मशिक्षण चाललंय, आणि एक ब्राह्मण गृहस्थ पाद्रीला विचारतो, की आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आमच्या भाषेत वाचायला काहीतरी द्या की! आपण हा प्रसंग ग्रंथाची प्रस्तावना म्हणून वाचतो आणि पुढे जातो. माझं लक्ष आता वेगळ्याच गोष्टीकडे जातं. विचारणारा आधीच ख्रिस्ती झालेला आहे. पाणी डोक्यावरून कधीच वाहून गेलंय, आणि आपण कशात आलो हे तो आता विचारतोय.

आपल्याकडे सोळाव्या शतकात पुष्कळदा असाच उलटा क्रम झाला. संत फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यात उतरले. त्रावणकोरच्या किनाऱ्यावर एका महिन्यात दहा हजारांहून जास्त लोकांना बाप्तिस्मा दिल्याचं त्यांनीच पत्रात लिहिलंय. एवढ्यांना महिन्याभरात किती शिकवणार? आणि सगळं खुशीचंही नव्हतं. साष्टीतली देवळं पाडली गेली, १५६० मध्ये इन्क्विझिशन आलं. हे बाजूला ठेवून आजच्या पद्धतीबद्दल बोलणं मला बरोबर वाटत नाही, कारण आजची पद्धत नेमकी उलट्या टोकाची आहे. आधी शिकवण, मग पाणी. आणि मधे भरपूर वेळ.

ही पद्धत नवी नाही, उलट फार जुनी आहे. पहिल्या काही शतकांत ख्रिस्ती व्हायला आलेल्या माणसाला दारात थांबवत. त्याला 'कॅटेक्युमेन' म्हणत, आपण 'दीक्षार्थी' म्हणू. तिसऱ्या शतकातल्या एका नियमपुस्तकात तर तीन वर्षं शिकायला सांगितलंय. पण माणूस मनापासून लागला असेल तर वेळेपेक्षा वागणूक पाहा, अशी सोयही ठेवलीय. संत ऑगस्टिन बालपणापासून दीक्षार्थी होते, आणि बत्तिसाव्या वर्षी, ३८७ च्या ईस्टरच्या रात्री, मिलानला संत अँब्रोजच्या हातून त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे बाळांचाच बाप्तिस्मा सर्रास होऊ लागला आणि ही वाट बुजली. तिच्यातले टप्पे आक्रसून एकाच विधीत कोंबले गेले.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये ती पुन्हा मोकळी करायला सांगितलं, आणि १९७२ मध्ये नवा विधिग्रंथ निघाला. जगभरच्या फिर्गजांत आज प्रौढांची तयारी त्यावरून होते. अमेरिकेत ती १९८८ पासून सक्तीची आहे. फ्रान्समध्ये २०२५ च्या ईस्टरला १०,३८४ प्रौढांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे तिथल्या फिर्गजांना आता ही वाट रोजच्या वापरात आणावी लागतेय.

पैशांच्या प्रश्नाचं उत्तर याच परिषदेच्या डिसेंबर १९६५ च्या दस्तऐवजात आहे. कुणालाही श्रद्धा स्वीकारायला भाग पाडायचं नाही, गैरमार्गाने भुलवायचं नाही, आणि येणारा कशासाठी येतोय हे तपासायचं, असं तिथे स्पष्ट म्हटलंय. चर्चच्या कायद्यातही ते आलंय. म्हणजे आमिष दाखवणारा पाद्री देशाच्या नाही तरी स्वतःच्या चर्चच्या कायद्यापुढे आधीच दोषी ठरतो.

आता आमच्या फिर्गजेतली गोष्ट. त्या जूनमध्ये दोघं आली होती. एक बँकेत काम करणारी, तिशीची, मराठी घरातली. दुसरा हॉटेलात नोकरीला असलेला मुलगा, त्याची मैत्रीण कॅथलिक.

पहिला टप्पा नुसत्या चौकशीचा. कसलंही वचन नाही, मुदत नाही. यायचं, विचारायचं, वाटलं तर थांबायचं. पहिल्याच दिवशी फादरनी त्या मुलाला सांगितलं, "लग्नासाठी येत असशील तर त्याची गरज नाही. तू हिंदू राहूनही तुमचं लग्न चर्चमध्ये लागेल. बिशपची परवानगी मी काढून देतो." मुलगा चकितच झाला. त्याला कुणी हे सांगितलंच नव्हतं. तुमच्यापैकी अनेकांनाही माहीत नसेल म्हणून सांगते. बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी लग्न करायला कॅथलिक व्यक्तीला खास सूट मिळते. आपली श्रद्धा सोडणार नाही आणि मुलांना कॅथलिक म्हणून वाढवायचा जमेल तेवढा प्रयत्न करीन, असं वचन कॅथलिक बाजूला द्यावं लागतं, आणि ते दुसऱ्या बाजूच्या कानावर घालावं लागतं. दुसऱ्या बाजूकडून धर्म बदलायची अट नाही.

ॲडव्हेंटच्या पहिल्या रविवारी दोघांचा स्वीकारविधी झाला. तो चर्चच्या दारात सुरू होतो. नाव विचारतात, काय मागायला आलात ते विचारतात, मग कपाळावर क्रुसाची खूण करतात. कान, डोळे, ओठ, छाती, खांदे यांवरही करता येते. तिच्या पावलांवर खूण करायला मी वाकले तेव्हा ती अवघडून मागे सरली. "ताई, पाया पडल्यासारखं करू नका हो!" सगळे हसले, फादरसुद्धा.

या दिवसापासून दीक्षार्थी चर्चच्या घरातला धरला जातो. पाणी अजून दूर असतं, पण मधेच मृत्यू आला तर त्याचा अंत्यविधी ख्रिस्ती माणसासारखाच होतो. तरी मिस्सेत प्रवचन झालं की दीक्षार्थींना बाहेर जायला सांगायची रीत आहे. सगळीकडे पाळत नाहीत, आमच्या फादरनी पाळली. ती दोघं कॅटेकिस्टबरोबर शेजारच्या खोलीत बसायची आणि त्या दिवसाच्या वाचनावर बोलायची. एकदा ती मला म्हणाली, "जेवायला बोलावलं आणि पान मांडल्यावर उठवलं, असं वाटतं." मी ते कॅटेकिस्टना सांगितलं. त्या म्हणाल्या, "भूक लागतेय ना? मग बरोबर आहे."

मला ते उत्तर तेव्हा आवडलं नव्हतं. आता पटतं, पण अर्धंच. कारण भूक तिला होती आणि आम्ही वाढणारे मात्र ढिम्म होतो. प्रौढांची दीक्षा ही सगळ्या बाप्तिस्मा झालेल्यांची जबाबदारी आहे, असं विधिग्रंथ सुरुवातीलाच सांगतो. प्रत्यक्षात सहा महिने ती डाव्या बाजूच्या शेवटच्या बाकावर एकटी बसत होती. मिस्सेनंतर अंगणात लोक घोळक्याने बोलत उभे राहायचे, फेस्ताचा हिशोब, कुणाच्या मुलीचं लग्न. तिला कुणी "तू कुठली गो?" एवढंही विचारलं नाही. मीसुद्धा वर्ग संपला की स्कूटर काढून निघायचे. फादरनी एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, "तू तिच्या घरी कधी गेलीस?" मी गेले नव्हते. पुस्तकातला धडा समजावणं म्हणजे सोबत, असं मास्तरकीच्या सवयीने मी धरून चालले होते.

मग गेले. तिच्या आईने चहा केला आणि पहिलंच विचारलं, "नाव बदलणार का हिचं?" नाही, म्हटलं. आपल्याकडे पूर्वी बाप्तिस्म्याबरोबर नाव-आडनाव पोर्तुगीज व्हायचं, ते त्यांच्या मनात होतं. आजचा नियम इतकाच आहे की ख्रिस्ती भावनेला न शोभणारं नाव नको. मुलीचं नाव आजीने ठेवलेलं होतं, ते तसंच राहणार होतं. आईचा चेहरा थोडा सैल झाला. दुःख गेलं असं मी म्हणणार नाही. पण पुढचं दीड वर्ष दोघींना हे एकमेकींशी बोलायला मिळालं, भांडायलाही मिळालं. झटपट विधी असता तर आईला तो झाल्यावरच कळलं असतं.

(इंदूर-बडोद्याकडच्या आपल्या माजी विद्यार्थ्यांसाठी एक गोष्ट. मध्य प्रदेश आणि गुजरातमध्ये धर्मांतराचे राज्य कायदे आहेत आणि जिल्हाधिकारी कार्यालयाशी संबंध येतो. तिथे फादरला आणि वकिलाला विचारल्याशिवाय काही करू नका.)

दुसऱ्या वर्षीच्या उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी बिशपांसमोर निवडविधी होता. इथे वेगवेगळ्या फिर्गजांतले दीक्षार्थी एकत्र येतात. तोवर प्रत्येकाला वाटत असतं की आपण एकटेच. तिथे एक निवृत्त शिक्षक होते, एक नर्स होती, एक नवरा-बायकोची जोडी होती. बिशप सोबत्यांना विचारतात, की यांनी नीट ऐकलं का, तसं वागायला सुरुवात केली का. म्हणजे साक्ष आपल्याला द्यावी लागते. मग नावं वहीत लिहिली जातात.

हॉटेलातला मुलगा त्या दिवशी आला नाही. आदल्या आठवड्यात फादरना भेटून त्याने सांगितलं होतं, की मला हे आवडतं, पण अजून खरं वाटत नाही. फादर म्हणाले, "मग थांब." पुढे त्याचं लग्न आमच्याच चर्चमध्ये लागलं, ठरल्याप्रमाणे सूट घेऊन. फिर्गजेत काहींनी "फुकट गेलं दीड वर्ष" म्हटलं. मला तसं वाटत नाही. जिथून परत फिरता येतं तिथेच पुढे जाण्याला काही अर्थ असतो, आणि तो खोटं बोलून पुढे गेला असता तर कुणाचं भलं झालं असतं?

त्यानंतरचे सहा आठवडे कठीण असतात. तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या रविवारी योहानच्या शुभवर्तमानातल्या तीन गोष्टी वाचतात: विहिरीवरची शोमरोनी बाई, जन्मांध माणूस आणि लाजारस. तहान, दृष्टी, मरण. प्रत्येक वेळी निवडलेल्यांसाठी सगळे प्रार्थना करतात. याच दिवसांत त्यांना विश्वासाचा अंगीकार आणि प्रभूची प्रार्थना रीतसर सोपवली जाते. मी लहानपणी छडीच्या धाकाने पाठ केलेलं वाक्यन्‌वाक्य तिने इतक्या जपून म्हटलं, की मलाच लाज वाटली.

ईस्टरच्या रात्री अंगणात विस्तव पेटतो, त्यावरून मोठी मेणबत्ती पेटवून अंधाऱ्या चर्चमध्ये नेतात आणि तिच्यावरून सगळ्यांच्या मेणबत्त्या पेटतात. बाप्तिस्मा, पवित्र तेलाने दृढीकरण आणि पहिलं कम्युनियन, तिन्ही तिला एकाच रात्री मिळालं. दृढीकरण एरवी बिशप देतात, पण प्रौढाला बाप्तिस्मा देणारा फादरच तेही देतो. ज्यांचा दुसऱ्या पंथात आधीच बाप्तिस्मा झालाय त्यांच्यावर पुन्हा पाणी ओतत नाहीत. ती माणसं अंगीकार करून आत येतात.

तिची आई आली होती, मागच्या बाकावर. मेणबत्त्या वाटणारा पोरगा त्यांच्यापाशी घुटमळला. त्यांनी माझ्याकडे पाहून खुणेनेच विचारलं, मी घेतली तर चालेल? चालतं, म्हटलं. त्यांनी ती शेवटपर्यंत धरली, मेण बोटांवर ओघळलं तरी.

पुढचे पन्नास दिवस, पेंटेकॉस्टपर्यंत, वर्ग चालूच राहतो. पण आता शिकवणं कमी, झालं ते काय होतं यावर बोलणं जास्त. आमच्याकडे हाच टप्पा सगळ्यात ढिला पडतो. पाणी पडलं की लोकांना काम संपल्यासारखं वाटतं. या वेळी मी वर्गाला दांडी मारली नाही, आणि रविवारी स्कूटरही उशिरा काढली.

ईस्टरनंतरच्या सोमवारी आम्ही फादरच्या ऑफिसात नोंदीसाठी गेलो. बाप्तिस्म्याच्या मोठ्या वहीत तारीख, जन्मस्थळ, आईवडिलांची नावं, गॉडमदर म्हणून माझं नाव. पुढे लग्न झालं तर त्याची नोंदही याच ओळीशेजारी होते, म्हणून समास मोकळा ठेवतात. आईचं नाव लिहिताना फादरनी स्पेलिंग दोनदा विचारून घेतलं.