विश्लेषण : डहाणूचे नाव नाशिकच्या लेण्यात कसे?

चिकू, समुद्रकिनारा आणि पश्चिम रेल्वेच्या लोकलचे शेवटचे स्थानक, एवढ्यावर डहाणूची ओळख संपते. गाव किती जुने असे विचारले की धेनुग्राम, म्हणजे गायींचे गाव, त्यावरून डहाणू ही व्युत्पत्ती हमखास ऐकायला मिळते. ऐकायला ती छान आहे. पण भक्कम पुरावा दगडात कोरलेला आहे आणि तो डहाणूत नव्हे, तर नाशिकच्या पांडवलेण्यांत आहे.

लेखात नेमके काय आहे?

दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा लेख आहे. त्यात त्याच्या दानांची यादी येते. इबा, पारादा, दमणा, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर त्याने प्रवाशांसाठी मोफत होड्या ठेवल्या. दमणा म्हणजे दमणगंगा, पारादा म्हणजे पार आणि दाहनुका म्हणजे डहाणूची खाडी, असे अभ्यासक मानतात. याच लेखात भरुच आणि सोपारा येथे बांधलेल्या धर्मशाळांचाही उल्लेख आहे. या दोन बंदरांमध्ये किनाऱ्याने जायचे तर वाटेत खाड्या आणि नद्या आडव्या येतातच. पूल नव्हते, त्यामुळे फुकटची होडी ही मोठीच सोय. म्हणजे डहाणूची पहिली लेखी नोंद राजवाड्याची किंवा लढाईची नाही, उताराची आहे.

चिंचणीच्या ताम्रपटांचे महत्त्व काय?

पुढचा ठळक पुरावा थेट डहाणू तालुक्यातला. चिंचणीला सापडलेल्या ताम्रपटांपैकी एक शके ८४८ चा, म्हणजे इ. स. ९२६ चा आहे. तेव्हा हा भाग राष्ट्रकूटांच्या संयान मंडलात होता आणि त्याचा कारभार मधुमती नावाच्या अरब अधिकाऱ्याकडे होता. मधुमती हे मुहम्मदचे संस्कृत रूप. त्यानेही मोफत होड्या सुरू केल्या, शिवाय भात, कालवण आणि तूप देणारे अन्नछत्र उघडले. एका ब्राह्मणाने उभारलेल्या देवीच्या मठिकेला दिलेल्या जमिनीची नोंदही याच पटात आहे. राजा हिंदू, सुभेदार मुसलमान, दान देवीला. आज वाचताना नवल वाटते. पटात मात्र त्याचे विशेष कौतुक केलेले नाही.

संयान म्हणजे आजचे संजाण. १७३९ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून डहाणू घेतले, तोवर संजाणचे वैभव कधीच ओसरले होते. तलासरी तालुक्याची हद्द ओलांडली की ते गाव लागते, गुजरातच्या उमरगाम तालुक्यात.