व्यवसाय प्रशासन पदविका

उद्योग, व्यापार व सेवासंस्था यांचा कारभार चालविण्यास आवश्यक असणाऱ्या ज्ञानाचे व कौशल्यांचे पद्धतशीर शिक्षण देणारा आणि तो यशस्वी रीत्या पूर्ण करणाऱ्यास पदविका प्रदान करणारा महाविद्यालयीन अभ्यासक्रम. वाणिज्य शिक्षणाशी त्याचे निकटचे नाते आहे; तथापि दोहोंचा रोख भिन्न आहे. वाणिज्य शिक्षणात व्यवहारांची नोंद, हिशेब, बँकव्यवहार व व्यापारी कायदे यांवर भर असतो, तर व्यवसाय प्रशासनात उपलब्ध साधनसामग्री व माणसे यांची सांगड घालून निर्णय कसे घ्यावेत, हा मुख्य विषय असतो.

इतिहास : व्यापारविषयक उच्च शिक्षणाची पहिली महत्त्वाची संस्था पॅरिस येथे १८१९ मध्ये निघाली. अमेरिकेत जोसेफ व्हॉर्टन या उद्योगपतीच्या देणगीतून १८८१ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात व्हॉर्टन स्कूल स्थापन झाले व १९०८ मध्ये हार्व्हर्ड विद्यापीठाने व्यवसाय प्रशासनाचे पदव्युत्तर शिक्षण सुरू केले. ब्रिटनमध्ये मात्र व्यवस्थापन हे प्रत्यक्ष कामातूनच शिकावयाचे असते, ही समजूत दीर्घकाळ टिकून होती. अर्विक समितीच्या अहवालानंतर (१९४७) तेथे या शिक्षणाला निश्चित रूप येऊ लागले व १९६१ मध्ये व्यवस्थापन अध्ययनाची राष्ट्रीय पदविका सुरू झाली. नोकरीतील व्यक्तींनाही ती घेता येई.

भारतात मुंबईचे सिडनॅम महाविद्यालय (१९१३) हे वाणिज्य शिक्षणाचे आद्य केंद्र होते. तथापि बहुतेक मोठ्या उद्योगांचा कारभार व्यवस्थापन अभिकर्ता पद्धतीने विशिष्ट घराण्यांच्या वा पेढ्यांच्या हाती असल्याने शिक्षित व्यवस्थापकांची स्वतंत्र मागणी बेताचीच होती. स्वातंत्र्यानंतर नियोजनबद्ध औद्योगिकीकरण व सरकारी उद्योगांची वाढ यांमुळे ही स्थिती पालटली. १९७० मध्ये व्यवस्थापन अभिकर्ता पद्धतीही कायद्याने संपुष्टात आली. कलकत्ता येथे १९५३ मध्ये समाजकल्याण व व्यवसाय व्यवस्थापन यांचे शिक्षण देणारी संस्था निघाली. १९६१ मध्ये कलकत्ता व अहमदाबाद येथे भारतीय व्यवस्थापन संस्था स्थापन झाल्या. पहिलीस मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या व दुसरीस हार्व्हर्डच्या व्यवसाय विद्यालयाचे साहाय्य लाभले. महाराष्ट्रात मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज व्यवस्थापन अध्ययन संस्था (१९६५) ही या क्षेत्रातील प्रमुख संस्था होय. पुणे विद्यापीठाच्या कक्षेत सायंकाळच्या वर्गांतून चालविल्या जाणाऱ्या व्यवसाय व्यवस्थापन पदविकेमुळे कारखान्यांतील अभियंते, पर्यवेक्षक व कार्यालयीन कर्मचारी यांना नोकरी न सोडता हे शिक्षण घेणे शक्य झाले.

अभ्यासक्रम : पदविकांचे स्थूलमानाने दोन प्रकार आढळतात : नोकरदारांसाठी असलेल्या अल्प मुदतीच्या अंशकालीन पदविका आणि पदवीनंतरची दोन वर्षांची पूर्णकालीन पदव्युत्तर पदविका. पहिल्या वर्षी लेखाशास्त्र, अर्थशास्त्र, संख्याशास्त्रीय पद्धती, वित्तव्यवस्था, विपणन, उत्पादन व्यवस्थापन, मनुष्यबळ व्यवस्थापन व व्यवसायविषयक कायदे हे विषय सर्वांना समान असतात. दोन वर्षांच्या मधल्या सुटीत विद्यार्थी एखाद्या उद्योगसंस्थेत काम करून त्याचा अहवाल सादर करतो. दुसऱ्या वर्षी तो वित्त, विपणन, मनुष्यबळ यांसारख्या एखाद्या शाखेचा विशेष अभ्यास करतो.

अध्यापनपद्धती : व्याख्यानांच्या जोडीला प्रकरण अभ्यास ही या शिक्षणाची वैशिष्ट्यपूर्ण पद्धती होय. वॉलेस डोनम हे १९१९ मध्ये हार्व्हर्डच्या व्यवसाय विद्यालयाचे अधिष्ठाता झाले. विधी शिक्षणात रूढ असलेल्या या पद्धतीचा त्यांनी व्यवसाय शिक्षणात हिरिरीने प्रसार केला. एखाद्या संस्थेपुढील समस्या आकडेवारीसह विद्यार्थ्यांपुढे ठेवली जाते व तिच्यावर वर्गात चर्चा होते. उदा., दरमहा १०,००० नगांची क्षमता असलेला एक कारखाना ७,००० नग तयार करतो. त्याचा स्थिर खर्च ७०,००० रु. व बदलता खर्च दर नगामागे २० रु. आहे, म्हणजे एका नगाचा एकूण परिव्यय ३० रु. पडतो. एक नवा ग्राहक २५ रु. दराने २,००० नगांची मागणी नोंदवितो. परिव्ययाचे कोष्टक पाहता हा सौदा तोट्याचा वाटतो. परंतु स्थिर खर्च वाढत नसल्यामुळे दर नगामागे ५ रु., म्हणजे एकूण १०,००० रु. अधिक पदरात पडतात. मात्र ही बातमी जुन्या ग्राहकांना कळून त्यांनी दर नगामागे २ रु. सवलत मागितली, तर १४,००० रुपयांची खोट येते व फायदा नाहीसा होतो. अशा रीतीने लेखाशास्त्र, विपणन व मानवी वर्तन हे विषय एकाच निर्णयात कसे गुंतलेले असतात, हे विद्यार्थ्याच्या लक्षात येते. अर्थात चर्चेत चुकीच्या निर्णयाची झळ कोणास लागत नाही, ही या पद्धतीची मर्यादा आहे. अंशकालीन वर्गातील नोकरदार विद्यार्थ्यांच्या अनुभवामुळे ती काही अंशी भरून निघते.

पदवी व पदविका : ‘पदविका’ या शब्दामुळे हा अभ्यासक्रम नेहमीच पदवीहून कनिष्ठ असतो, असा समज होतो, तो बरोबर नाही. विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियमानुसार (१९५६) पदवी देण्याचा अधिकार कायद्याने स्थापन झालेली विद्यापीठे, अभिमत विद्यापीठे आणि संसदेने विशेष अधिकार दिलेल्या संस्था यांनाच आहे. भारतीय व्यवस्थापन संस्था विद्यापीठे नसल्याने त्यांचे नामवंत विद्यार्थीही अनेक दशके पदव्युत्तर पदविकाच घेऊन बाहेर पडले. २०१७ च्या अधिनियमाने या संस्थांना पदवी देण्याचा अधिकार मिळाला व तो अधिनियम जानेवारी २०१८ अखेर अंमलात आला. उलटपक्षी, केवळ काही महिन्यांच्या अभ्यासक्रमासही पदविका हेच नाव दिले जाते. त्यामुळे नावावरून दर्जाचा बोध होत नाही.

हा भेद विद्यार्थ्याच्या पुढील आयुष्यात महत्त्वाचा ठरतो. खाजगी उद्योगसंस्था बहुधा संस्थेचा लौकिक व उमेदवाराची कुवत पाहतात. परंतु सरकारी सेवा, अध्यापन किंवा विद्यावाचस्पती पदवीसाठी प्रवेश यांकरिता पदविकेची पदव्युत्तर पदवीशी समकक्षता सिद्ध करावी लागते. स्वायत्त संस्थांच्या अभ्यासक्रमांना अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद मान्यता देते. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या या परिषदेस १९८७ च्या अधिनियमाने वैधानिक दर्जा मिळाला. समकक्षतेचा विचार असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज ही संस्था करते. मान्यता व समकक्षता या दोन वेगळ्या बाबी आहेत. एक असल्याने दुसरी आपोआप मिळत नाही. कर्ज काढून वा नोकरी सोडून दोन वर्षे शिकणाऱ्यास ही गोष्ट अभ्यासक्रम संपल्यावर कळली, तर झालेली हानी भरून काढणे कठीण असते.

मूल्यमापन : या शिक्षणाच्या स्वरूपाविषयी मतभेद आहेत. अमेरिकेत १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गॉर्डन-हॉवेल व पिअर्सन यांच्या अहवालांनी तेथील व्यवसाय विद्यालयांत तंत्रशिक्षणाचा अतिरेक व शास्त्रीय बैठकीचा अभाव असल्याची टीका केली. त्यानंतर गणित, अर्थशास्त्र व वर्तनशास्त्रे यांना अधिक स्थान मिळाले. पण पुढे हे शिक्षण प्रत्यक्ष कारभारापासून दूर गेल्याचा उलट आक्षेपही घेण्यात आला. भारतात मोठ्या कंपन्यांच्या गरजा समोर ठेवून अभ्यासक्रम आखले गेल्याने लघुउद्योग, सहकारी संस्था व शेतमालाचा व्यापार यांच्या प्रश्नांकडे तुलनेने कमी लक्ष दिले गेले. आणंद येथील ग्रामीण व्यवस्थापन संस्था (१९७९) ही उणीव दूर करण्याच्या हेतूने निघाली. सहकारी साखर कारखाने, दूध संघ व नागरी बँका यांचे जाळे असलेल्या महाराष्ट्रात अशा प्रकारच्या शिक्षणास विशेष महत्त्व आहे.