न आटणारा तांब्या

जादूगाराच्या सामानात टोपी असते, काठी असते, रंगीत रुमाल असतात. पण आपल्या घरातली म्हणावी अशी वस्तू एकच, तांब्या. जादूगार तो उपडा करतो, शेवटचा थेंब निथळवतो आणि खाली ठेवतो. मध्ये दुसरे दोन खेळ होतात. पुन्हा तांब्या उचलावा, तर पाणी! घाटकोपर-मुलुंडकडच्या ज्या मंडळींचा दिवस नळाच्या वेळेवर ठरतो, त्यांना तर असा तांब्या हवाच असतो.

बंगालचे जादूगार पी. सी. सरकार (१९१३–१९७१) यांनी हा खेळ ‘वॉटर ऑफ इंडिया’ या नावाने देशोदेशी नेला. मोठमोठ्या खेळांच्या मधूनमधून ते या भांड्याकडे वळत, आणि पाणी आहेच.

आता गुपित. हा तांब्या दुपदरी असतो. आत एक भांडं, बाहेर दुसरं, आणि दोहोंच्या मध्ये पोकळी. आतल्या भांड्याच्या तळाशी बारीक भोक, ते पोकळीत उघडतं. दुसरं भोक बाहेरून, मानेपाशी, अंगठा सहज पोचेल असं. तांब्या बादलीत बुडवला की दोन्ही जागा भरतात. मानेवरचं भोक अंगठ्यानं दाबून उपडा केला, तर फक्त आतलं पाणी सांडतं. पोकळीत हवा शिरत नाही, म्हणून तिथलं पाणी हलत नाही. खाली ठेवून अंगठा काढा. हवा आत जाते आणि पाणी तळच्या भोकातून मुकाट्यानं आत येतं.

तुमचा वाणी तेलाच्या डब्याला एक भोक पाडून थांबत नाही, दुसरंही पाडतो. का, ते आता कळलं असेल.

पण तांब्या खरोखर अक्षय नसतो. पोकळीत आतल्या भांड्याइतकंच, अर्धा लिटर पाणी मावतं असं धरा. पहिल्यांदा अर्धा लिटर पडेल, मग पाव, मग त्याच्याही निम्मं. म्हणून मुरब्बी जादूगार चार-पाच खेपांवर सहसा जात नाही!

ही युक्ती फार जुनी. अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने पहिल्या शतकात, भोकावर बोट ठेवून हवा तेव्हा ओतता येणाऱ्या सुरया वर्णिल्या आहेत. हवेला वजन आहे, हे टॉरिचेलीने पाऱ्याच्या नळीने दाखवलं ते १६४३ साली. कारण मागाहून कळलं, करामत आधीच चालू होती.

रंगमंचावर ही गंमत आहे. तिकीट काढून आपण फसायलाच जातो. पण हाच तांब्या गंगेचा म्हणून कोणी अंगणात मांडला आणि आजारी माणसाच्या घरून पैसे घेतले, तर तो गुन्हा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी अशा कायद्यासाठी वर्षानुवर्षं आग्रह धरला. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. त्याच महिन्यात राज्याने वटहुकूम काढला आणि डिसेंबरात कायदा झाला. तथाकथित चमत्कार दाखवून पैसा मिळवणं आणि लोकांना फसवणं त्यात स्पष्ट नमूद आहे. जादूगाराचं पोट यात मारलं जात नाही, हे बरं आहे. तो मी देव आहे असं म्हणत नाही.

तुमच्या दारी असा तांब्या आलाच, तर वाद घालत बसू नका. “महाराज, मानेला हात न लावता बुडाशी धरून उपडा करा,” एवढंच म्हणा, आणि मानेपाशी पाणी झिरपतं का पाहा.